मुदतीपेक्षा एक दिवस जास्त: परदेशातल्या मुक्कामाचा हिशेब नीट करा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे महिन्याच्या सुटीची तिकिटे काढायची घाई सुरू झाली की दादरपासून डोंबिवलीपर्यंत एक वाक्य हमखास ऐकू येते, ‘व्हिसाची मुदत आहे अजून, दोन दिवस इकडेतिकडे झाले तर कोण विचारतो?’ परदेश प्रवासाची कागदपत्रे तयार करणे हे आमचे रोजचे काम. त्या अनुभवावरून सांगतो, विचारतात. विमानतळावर नाही विचारले, तर पुढच्या व्हिसाच्या वेळी विचारतात. आणि जी माणसे त्यात अडकतात ती बहुधा कायदा मोडायला निघालेली नसतात. त्यांनी चुकीची तारीख वाचलेली असते, नाहीतर दिवस चुकीचे मोजलेले असतात.

व्हिसावर दोन वेगळ्या गोष्टी छापलेल्या असतात. एक, व्हिसा कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत वापरता येईल. दुसरी, त्या काळात प्रत्यक्ष किती दिवस राहता येईल. युरोपातल्या अनेक देशांसाठी मिळून असलेल्या शेंगेन व्हिसाचे उदाहरण घ्या. स्टिकरवर ६ मे ते ४ जून असे लिहिलेले असते आणि खाली मुक्कामाच्या रकान्यात १५ दिवस. घरातले सगळे ४ जून ही तारीख लक्षात ठेवतात. पण तुम्ही ६ मे रोजी उतरलात तर शेवटचा दिवस २० मे. ८ मे रोजी उतरलात तर २२ मे. प्रवास थोडा पुढे-मागे झाला तर सोय असावी म्हणून वरचे पंधरा दिवस व्हिसाच्या मुदतीत धरलेले असतात, राहण्यासाठी नाही. शिवाय एकाच कुटुंबातल्या प्रत्येकाच्या स्टिकरवरचे आकडे सारखेच असतील असे नाही. पासपोर्ट हातात आल्यावर प्रत्येकाचे पान वेगळे वाचायला हवे, मुलांचेसुद्धा.

अमेरिकेच्या बाबतीत हा गोंधळ सर्वांत महागात पडतो, कारण तिथला पर्यटक व्हिसा दहा वर्षांचा असतो. मुलीच्या बाळंतपणासाठी किंवा नातवंडांसाठी जाणारे आईवडील तो दहा वर्षांचा शिक्का पाहून निर्धास्त होतात. राहण्याची मुदत मात्र व्हिसा ठरवत नाही, तिथल्या विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. ती आय-९४ या नोंदीत असते. बहुतेकदा सहा महिने मिळतात, पण कमीही मिळू शकतात, आणि पासपोर्टच लवकर संपत असेल तर काही वेळा तेवढ्याचपुरती परवानगी मिळते. ही नोंद कागदावर हातात देत नाहीत. अमेरिकी सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावर पासपोर्ट क्रमांक टाकून ती फुकट काढता येते. उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी मुलाने किंवा जावयाने ती छापून फ्रिजवर लावावी, असे आमचे आग्रहाचे सांगणे असते. त्या तारखेच्या पुढे एक दिवस जरी राहिलात तरी कायद्याने तो दहा वर्षांचा व्हिसा आपोआप रद्द होतो. पासपोर्टवर तो तसाच दिसतो, कोणी त्यावर काट मारत नाही, आणि म्हणूनच माणसे पुढच्या वर्षी त्याच व्हिसावर तिकीट काढतात. मग तिथे उतरल्यावर परत पाठवले जाण्याची वेळ येते. नवा अर्ज साधारणपणे आपल्याच देशातून करावा लागतो, म्हणजे पुन्हा बीकेसीतल्या वाणिज्य दूतावासाची रांग आणि मुलाखत. १८० दिवसांहून जास्त काळ बेकायदा राहून बाहेर पडले तर ३ वर्षांची प्रवेशबंदी, आणि एक वर्ष किंवा त्याहून जास्त राहिले तर १० वर्षांची.

अमेरिकेत बाहेर पडताना पासपोर्टवर शिक्का मारणारी खिडकी नसते, त्यामुळे आपण कधी निघालो हे कोणाला कळत नाही, असा एक समज आहे. विमान कंपनी प्रवाशांची यादी सरकारला देते आणि ती नोंद आय-९४ला जोडली जाते. मुदत संपत आली की चार दिवस कॅनडात नायगारा पाहून यायचे, म्हणजे नवे सहा महिने मिळतात, हाही तसाच धोक्याचा सल्ला. छोट्या फेरीनंतर जुनीच तारीख कायम राहू शकते. जास्त राहायचे खरे कारण असेल तर आय-५३९ हा मुदतवाढीचा अर्ज आय-९४ची तारीख उलटण्याआधी पोहोचला पाहिजे. निदान ४५ दिवस आधी करा, असे तिथले खातेच सुचवते. वेळेत केलेला अर्ज प्रलंबित असताना थांबता येते, पण तो नामंजूर झाला तर व्हिसा गेला असे धरून चालावे. त्यामुळे केवळ ‘विमान स्वस्त मिळेपर्यंत’ हा अर्ज करू नये.

आता दिवस मोजण्याकडे वळतो. बहुतेक देशांत उतरल्याचा दिवस पहिला धरतात आणि निघण्याचा दिवसही धरतात. आपण मात्र महिन्याने मोजतो. बालीला ३० दिवसांचा व्हिसा घेऊन १० जानेवारीला उतरलेला माणूस १० फेब्रुवारीचे तिकीट काढतो. १० जानेवारी हा पहिला दिवस धरला की तिसावा दिवस येतो ८ फेब्रुवारीला. झाले दोन दिवस जास्त. इंडोनेशियात दंड माणशी रोज १० लाख रुपिया, म्हणजे आपले पाच हजारांच्या पुढे. चार जणांचे कुटुंब आणि दोन दिवस, म्हणजे चाळीस हजारांच्या वर रुपये बोटांवरच्या मोजणीतल्या चुकीपायी. हाच व्हिसा आणखी ३० दिवस एकदा वाढवून मिळतो, पण अर्ज मुदतीच्या आत करावा लागतो. ६० दिवसांपेक्षा जास्त ओव्हरस्टे, म्हणजे मुदतीबाहेरचा मुक्काम, झाला तर तिथे प्रकरण दंडावर मिटत नाही, हद्दपारी होते.

युरोपचा ९० आणि १८० दिवसांचा नियम, म्हणजे कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहण्याचा, याहून अवघड आहे आणि आमच्या पाहण्यात सर्वांत जास्त घोळ याच ठिकाणी होतो. जर्मनीत किंवा नेदरलँड्समध्ये मुलगा असतो, आईवडिलांकडे अनेक प्रवेशांचा व्हिसा असतो. ते १ मार्च ते २९ एप्रिल असे ६० दिवस राहून येतात. मग जुलैत परत जातात आणि समजतात की वर्षाचा दुसरा अर्धा भाग सुरू झाला, आता पुन्हा ९० दिवस मिळाले. तसे नसते. १८० दिवसांची चौकट जानेवारी-जुलै अशी ठरलेली नसून रोज एक दिवस पुढे सरकते. तुम्ही तिथे असाल त्या प्रत्येक दिवशी मागे वळून १८० दिवस मोजायचे, तो दिवस धरून, आणि त्यात शेंगेनमधले दिवस ९०च्या आत आहेत का ते पाहायचे. या उदाहरणात १ जुलैला उतरले तर उरतात फक्त ३० दिवस. ३० जुलैला निघालेच पाहिजे. मार्चमधले दिवस एकेक करून चौकटीबाहेर पडू लागायला २८ ऑगस्ट उजाडावा लागतो. युरोपीय आयोगाच्या संकेतस्थळावर याचे गणनयंत्र फुकट आहे. त्यात मागच्या फेऱ्यांच्या तारखा कागदपत्रांवरून भरा, आठवणीवरून नको. शेंगेनमध्ये आता २९ देश आहेत आणि सगळ्यांचे दिवस एकत्र मोजले जातात, फ्रान्समधले वेगळे आणि इटलीतले वेगळे असे नाही. ब्रिटन आणि आयर्लंड त्यात नाहीत.

पूर्वी सीमेवरचा अधिकारी शिक्के उलटसुलट पाहून हे गणित करायचा, त्यात एखादा दिवस निसटायचा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथे टप्प्याटप्प्याने ईईएस ही संगणकीय प्रवेश-निर्गमन व्यवस्था सुरू झाली. बोटांचे ठसे, चेहऱ्याचे छायाचित्र, येण्याजाण्याची तारीख हे सगळे नोंदले जाते आणि जास्तीचे दिवस यंत्रच दाखवते. ही नोंद साधारण ३ वर्षे राहते, बाहेर पडल्याची नोंदच नसेल तर ५ वर्षे. म्हणून जुन्या प्रवाशांचे ‘आम्हाला कधी कोणी काही म्हटले नाही’ हे बोल आता उपयोगाचे नाहीत. आणि भारतीयांचे यात आणखी एक नुकसान आहे. एप्रिल २०२४ पासून, तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे घेऊन ते नियमाप्रमाणे वापरणाऱ्या भारतीयांना दोन वर्षांचा अनेक प्रवेशांचा व्हिसा आणि त्यानंतर पाच वर्षांचा व्हिसा मिळण्याची वाट मोकळी झाली आहे. ‘नियमाप्रमाणे वापरणे’ ही अट एका जास्तीच्या दिवसानेही हातची जाते.

परतीच्या विमानाची वेळही नीट पाहावी. मुंबईकडे येणारी कितीतरी विमाने तिकडून मध्यरात्रीच्या आसपास सुटतात. मुदतीचा शेवटचा दिवस २० तारीख आणि विमान २१ तारखेच्या पहाटे १२ वाजून ४० मिनिटांचे, असे तिकीट काढूच नये. इमिग्रेशनची रांग बारा वाजण्याआधी ओलांडली तर शिक्का २०चा पडेल, पण सामानाच्या काउंटरला उशीर झाला, रांग वाढली की तो २१चा पडतो. युरोपात आणखी एक बारकावा आहे. बार्सिलोनाहून फ्रँकफर्टमार्गे मुंबई असा प्रवास असेल तर शेंगेनमधून बाहेर पडल्याची नोंद बार्सिलोनात होत नाही, फ्रँकफर्टला होते. बार्सिलोनाचे विमान रखडले, पुढचे चुकले आणि रात्र फ्रँकफर्टमध्ये काढावी लागली, तर तो दिवसही मोजला जातो. परतीचे तिकीट शेवटच्या तारखेच्या निदान दोन दिवस आधीचे असावे, आणि वाटेत विमान बदलायचे असेल तर तीन. चार पैसे स्वस्त मिळते म्हणून शेवटच्या दिवसाचे तिकीट विकणाऱ्या एजंटाला हे तोंडावर सांगावे.

कोणत्या देशात काय होते यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, म्हणून एका देशाचा अनुभव दुसऱ्या देशाला लावू नये. थायलंडमध्ये दिवसाला ५०० बाथ दंड आहे, जास्तीत जास्त २०,००० बाथ. स्वतःहून विमानतळावर जाऊन दंड भरला आणि ओव्हरस्टे ९० दिवसांच्या आत असेल तर प्रवेशबंदी लागत नाही. तोच माणूस त्याआधी रस्त्यावरच्या किंवा हॉटेलातल्या तपासणीत सापडला, तर २०१६ पासूनच्या नियमानुसार थोड्या दिवसांच्या ओव्हरस्टेलाही ५ वर्षांची बंदी आहे. इमिग्रेशन कार्यालयात १,९०० बाथ भरून मुदतवाढीचा अर्ज करता येतो, म्हणजे चार दिवसांच्या दंडाहूनही स्वस्त. भारतीयांना तिथे किती दिवस मिळतात हे अलीकडे बदलत आले आहे, तेव्हा मित्राच्या सांगण्यावर विसंबू नका, पासपोर्टवरच्या शिक्क्यातली तारीख वाचा.

दुबईत दंड रोज ५० दिरहम. पूर्वी पर्यटक व्हिसाला मुदतीनंतर दहा दिवसांची सवलत होती, ती २०२३ मध्ये काढून टाकली. जुन्या माहितीवर जाणारे याच सवलतीच्या भरवशावर फसतात. तिथला पर्यटक व्हिसा बहुधा एखाद्या ट्रॅव्हल कंपनीच्या जबाबदारीवर निघालेला असतो. तुम्ही न कळवता राहिलात तर ती कंपनी तुम्ही बेपत्ता असल्याची तक्रार करू शकते, आणि मग नुसता दंड भरून सुटका होत नाही. मुदत वाढवायची असेल तर आधी त्या कंपनीला लेखी कळवा. सिंगापूरच्या व्हिसावर दोन वर्षांची मुदत असली तरी मुक्कामाचे दिवस ईमेलने येणाऱ्या ई-पासवर असतात. तो ईमेल अनेक जण उघडतही नाहीत. तिथे ९० दिवसांपर्यंतच्या ओव्हरस्टेलाही ४,००० सिंगापूर डॉलरपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास असू शकतो. जपानमध्ये विमानतळावर रोजच्या हिशेबाने दंड भरून मोकळे होण्याची सोय नाही. एक दिवसही बेकायदाच. स्वतःहून इमिग्रेशन कार्यालयात हजर झालात आणि निर्गमन आदेशावर निघालात तर वर्षभराची बंदी, पकडून हद्दपार केले तर ५ वर्षांची. ब्रिटनचा व्हिसा दोन, पाच, दहा वर्षांचा असला तरी एका वेळी सहा महिन्यांपर्यंतच राहता येते. मुदत संपल्यावर ३० दिवसांच्या आत स्वखर्चाने निघून गेलात तर ठरावीक वर्षांची बंदी लागत नाही, पण नोंद राहते. ऑस्ट्रेलियात ही सीमा २८ दिवसांची आहे, त्यापुढे ३ वर्षे व्हिसा मिळण्याची पंचाईत. बंदी लागत नाही म्हणजे तेवढे राहायला परवानगी आहे, असा अर्थ कोणी काढू नये.

खरी अडचण येते तेव्हा काय करायचे, हे मात्र घरातून निघण्याआधीच माहीत असायला हवे. विमान रद्द झाले तर काउंटर सोडण्याआधी विमान कंपनीकडून तारीख-वेळ घातलेले पत्र किंवा निदान ईमेल मागून घ्या. फोनवरचा संदेश पुरेसा नसतो. मुदतीचा शेवटचा दिवस तोच असेल तर विमानतळावरच इमिग्रेशनला किंवा सीमा पोलिसांना तेव्हाच भेटा, दुसऱ्या दिवशी निघताना नव्हे. युरोपात आपल्या हाताबाहेरच्या कारणाने किंवा मानवी कारणाने, म्हणजे विमान रद्द होणे, गंभीर आजारपण अशा वेळी, व्हिसाची मुदतवाढ विनाशुल्क मिळते. महत्त्वाच्या वैयक्तिक कारणासाठी ३० युरो पडतात. अर्ज तुम्ही ज्या देशात आहात तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात करायचा. जर्मनीत त्याला आउसलेंडरबेहोर्डे म्हणतात, फ्रान्समध्ये प्रेफेक्तुर. मुंबईतल्या व्हिसा केंद्राला फोन करून याचा काही उपयोग नसतो, त्यांच्या हातात ते नसते.

आजारपणात रुग्णालयाकडून नुसते डिस्चार्ज कार्ड घेऊ नका. ‘अमुक तारखेपर्यंत विमानप्रवास करू नये’ असे तारखेसह लिहिलेले प्रमाणपत्र मागा, शक्य तर इंग्रजीत. मुदतवाढ त्या तारखेवर ठरते. प्रवास विम्याची पॉलिसी संपण्याआधी ती वाढवून घ्या. संपल्यानंतर वाढवून मिळणे कठीण, आणि वयस्कर माणसाला तर याच दिवसांत विम्याची सर्वांत जास्त गरज असते.

पासपोर्ट हरवला तर बहुतेक जण पोलिसांत तक्रार करून भारतीय दूतावासातून एमर्जन्सी सर्टिफिकेट घेतात. त्यावर एकदाच भारतात परत येता येते. पण हरवलेल्या पासपोर्टबरोबर व्हिसा आणि प्रवेशाचा शिक्काही गेलेला असतो, त्यामुळे अनेक देशांत स्थानिक इमिग्रेशनकडून बाहेर पडण्याची वेगळी परवानगी लागते. याला काही दिवस लागतात आणि मध्ये शनिवार-रविवार आला की मुदत उलटते. म्हणून व्हिसाच्या पानाचा, प्रवेशाच्या शिक्क्याचा आणि ई-पासचा फोटो उतरल्याच्या दिवशीच घरी कोणाला तरी पाठवून ठेवावा.

कधी मुदत उलटलीच, तर लपू नका आणि आणखी दिवस वाढू देऊ नका. विमानतळावर नेहमीपेक्षा तीन-चार तास आधी पोहोचा, दंडाची रक्कम त्या देशाच्या चलनात रोख जवळ ठेवा, कागद हातात ठेवा, आणि भरलेल्या दंडाची पावती घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. बोर्डिंग पास आणि पावती पुढची पाच वर्षे सांभाळा. बाहेर पडल्याची नोंद राहून गेली तर युरोपात तुम्ही जास्त राहिलात असे गृहीत धरले जाऊ शकते, आणि ते खोडून काढायला हाच पुरावा चालतो. पुढच्या व्हिसाच्या अर्जात ‘पूर्वी कोणत्याही देशात मुदतीपेक्षा जास्त राहिला होता का’ असा प्रश्न येतो. तिथे ‘होय’ लिहा, सोबत चार ओळींचे स्पष्टीकरण आणि कागद जोडा. दोन दिवसांचा ओव्हरस्टे खऱ्या कारणासह सांगितला तर अधिकारी तो समजून घेऊ शकतो. ‘नाही’ लिहिण्याचा सल्ला देणारा एजंट तुम्हाला खड्ड्यात घालतो, कारण फसवणुकीसाठी ब्रिटनमध्ये १० वर्षांची बंदी आहे आणि अमेरिकेत जाणूनबुजून खोटी माहिती दिल्यास कायमची.

मुंबईतल्या सहल कंपन्यांना आणि तिकीट एजंटांना आमची एक मागणी आहे. प्रवाशाच्या हाती देण्याच्या कार्यक्रमपत्रिकेवर हॉटेलांची नावे, जेवणाचे प्रकार, सामानाचे वजन हे सगळे छापलेले असते. त्यातच ठळक अक्षरांत, मराठीत, प्रत्येक प्रवाशाच्या नावापुढे ‘या देशातून बाहेर पडण्याची शेवटची तारीख’ अशी एक ओळ छापावी. जिथे ती तारीख तिकडच्या विमानतळावर ठरते, तिथे रिकामी चौकट ठेवून ‘उतरल्यावर शिक्का पाहून भरा’ असे लिहावे. याला जास्तीचा खर्च येत नाही. स्वतःच्या हिमतीवर पहिल्यांदा परदेशी निघालेल्या साठी-सत्तरीतल्या जोडप्याला त्या एका ओळीचा मोठा आधार होईल. आपल्या वृत्तपत्रानेही पर्यटन पुरवणीत देशांची माहिती देताना व्हिसाच्या शुल्काशेजारी मुक्कामाचे दिवस आणि ते कसे मोजायचे हे द्यावे, ही विनंती.

आपले,
व्हिसा कागदपत्रांचे काम करणारे काही जण,
दादर, मुंबई